कापड किलोने, हिशेब रुपयांत

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय: तांत्रिक वस्त्रे बनवणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांनी उत्पादनाची परिमाणे जाहीर करण्याबाबत

महोदय,

डोळ्यांनी पारखले जाणारे कापड आणि यंत्रावर ताणून, फाडून, भोसकून पारखले जाणारे कापड असे वस्त्रोद्योगाचे दोन भाग पाडले, तर लखनौचे नाव आजवर पहिल्या भागाशीच जोडलेले राहिले आहे. चौकातल्या दुकानात चिकनकारीचा कुर्ता घेणारे गिऱ्हाईक तो उलटा करून मुर्री, फंदा आणि जाळी हे टाके पाहते आणि त्यावरून भावाची घासाघीस करते. दुसऱ्या भागातल्या कापडाकडे सहसा कोणी पाहतही नाही, कारण ते रुळांखाली गाडलेले, टायरच्या रबरात पुरलेले, कालव्याच्या तळाशी अंथरलेले किंवा अग्निशामकाच्या अंगरख्यात शिवलेले असते. केवळ शोभेसाठी किंवा नेसण्यासाठी वापरायचे नसून एखादे ठरावीक काम करण्यासाठी बनवलेले कापड ते तांत्रिक वस्त्र, अशी त्याची सोपी व्याख्या करता येते. शेती, बांधकाम, भूअभियांत्रिकी, वैद्यक, वाहने, वेष्टन, संरक्षक पोशाख, खेळ अशा उपयोगांवरून त्याचे बारा वर्ग मानले जातात. अशा कापडाच्या कारखानदाराचा शेअर सामान्य भागधारकाने कसा जोखावा आणि तो जोखण्यासाठी लागणारी एक साधी गोष्ट आजच्या वार्षिक अहवालात का सापडत नाही, हा या पत्राचा विषय आहे.

हा प्रश्न लखनौहून मांडला जाण्यास दोन कारणे आहेत. केंद्र सरकारने ४,४४५ कोटी रुपयांच्या 'पीएम मित्र' योजनेखाली सात मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानांची ठिकाणे मार्च २०२३ मध्ये जाहीर केली. त्यांपैकी एक उद्यान लखनौ आणि हरदोई या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, मलिहाबाद तहसिलीतील अटारी येथे सुमारे १,००० एकरांवर नियोजित आहे. त्याचे महाराष्ट्रातील भावंड अमरावतीला असून त्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. अशा उद्यानांतील कारखाने उभे राहतील तसे त्यांतले काही भांडवलासाठी शेअर बाजाराकडे, विशेषतः लहान व मध्यम उद्योगांच्या मंचाकडे वळतील, असे मानण्यास जागा आहे. मलिहाबाद हा दशहरी आंब्याचा मुलूख आहे आणि तिथे झाडावरच्या बहराचा सौदा फळ धरण्याआधीच होतो. परंतु सौदा करणारा व्यापारी झाडे मोजल्याशिवाय आणि मोहोर पाहिल्याशिवाय बयाणा देत नाही. त्याच तहसिलीत उभ्या राहणाऱ्या कारखान्याचा शेअर घेणाऱ्याला मात्र माग किती, त्यांवर कापड किती टन निघाले, हे मोजण्याची सोय नाही.

दुसरे कारण शहराच्या दक्षिणेकडील मानकनगर येथे आहे. १९३० चे केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ चे रेल्वे परीक्षण व संशोधन केंद्र यांच्या एकत्रीकरणातून १९५७ मध्ये तयार झालेली रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना, म्हणजेच आरडीएसओ, येथे आहे. भारतीय रेल्वेला लागणारी वस्तू कशी असावी याची लेखी मानके ही संस्था ठरवते आणि त्यांत रुळांखालच्या भरावात घालायच्या भूवस्त्राचाही समावेश होतो. भूवस्त्र म्हणजे मातीच्या सान्निध्यात राहून थर वेगळे ठेवणारे, पाणी जाऊ देणारे पण मातीचे कण अडवणारे कापड. गंगेच्या खोऱ्यातील गाळाची माती बारीक असते. पावसाळ्यात ती भिजली आणि वरून भरलेल्या मालगाड्या धावू लागल्या, की प्रत्येक चाकाच्या दाबासरशी पाण्याबरोबर चिखल वर ढकलला जातो, खडीच्या फटीत शिरतो आणि खडीचा निचरा बंद पाडतो. रेल्वेचे अभियंते याला 'मड पंपिंग' म्हणतात. खडीखालचे थर आणि ही माती यांच्यामध्ये अंथरलेले कापड हे मिसळणे रोखते.

हे कापड हातात घेतले तर ते जाडसर राखाडी किंवा पांढऱ्या नमद्यासारखे लागते. ते विणलेले नसते. पॉलिप्रोपिलिनचे आखूड तंतू पिंजून त्यांची चादर केली जाते आणि काटेरी कडांच्या हजारो सुया तिच्यातून खालीवर नेऊन तंतू एकमेकांत अडकवले जातात. प्रयोगशाळेत त्याचा गोल तुकडा कड्यात घट्ट आवळतात आणि ५० मिलिमीटर व्यासाची पोलादी दांडी ठरावीक वेगाने वरून खाली दाबतात. कापड आधी खोलगट होते, ताणले जाते, दांडीच्या कडेभोवती पांढुरके पडते आणि मग फाटते. फाटण्याच्या क्षणी लागलेले बल न्यूटनमध्ये नोंदवले जाते. याखेरीज छिद्रांचा आकार, पाणी वाहून जाण्याचे प्रमाण, पकडून ओढले असता येणारी ताकद यांच्या चाचण्या असतात. मानकाच्या आकड्यांत बसले ते कापड विकले जाते आणि न बसलेले, ते कितीही सुबक असले तरी, परत येते.

मूल्यमापनाच्या दृष्टीने इथे एक महत्त्वाची गाठ आहे. कारखाना कच्चा माल किलोने विकत घेतो, पण निविदेत भूवस्त्राची मागणी चौरस मीटरमध्ये असते. समजा एका चौरस मीटरला २०० ग्रॅम तंतू लागतात, तंतूचा भाव किलोला १२० रुपये आहे, म्हणजे चौरस मीटरमागे कच्च्या मालाचे २४ रुपये झाले आणि सगळा चालू खर्च वजा जाता कारखान्याकडे ४ रुपये ८० पैसे उरतात. आता सुयांची मांडणी आणि तंतूंची निवड सुधारून तेवढ्याच ताकदीचे कापड कारखान्याने १८० ग्रॅममध्ये बनवले, तर २ रुपये ४० पैसे वाचतात आणि शिल्लक दीडपट होते. ज्याला कंपन्यांच्या सादरीकरणांत 'तंत्रज्ञान' म्हटले जाते ते पुष्कळदा या वीस ग्रॅमांत असते. मात्र मानकात ताकदीबरोबर किमान वजनही घातलेले असेल तर हा सारा लाभ नाहीसा होतो. मानकातील एक ओळ बदलली की नफा बदलतो आणि ती ओळ लिहिणारा ना कंपनीचा संचालक असतो ना भागधारक.

म्हणून अशा कंपनीचा शेअर घेणाऱ्याने पहिली चौकशी मान्यतेची करावी. आरडीएसओच्या नियंत्रणाखालील वस्तूंसाठी पुरवठादारांचे 'विकासाधीन' आणि 'मान्यताप्राप्त' असे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गातील पुरवठादाराला मर्यादित प्रमाणात माल पुरवून आपली लायकी सिद्ध करावी लागते, तर मोठ्या मागण्यांचे दार दुसऱ्या वर्गाला उघडते. वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ मध्ये १९ भूवस्त्रे आणि १२ संरक्षक वस्त्रे अशा ३१ वस्तूंसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले. अशा आदेशाखाली येणारा माल भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणचिन्हाशिवाय विकता येत नाही. मान्यता मिळवण्यास वेळ लागतो आणि ती मिळेपर्यंत स्पर्धक बाहेर थांबतो, हे या धंद्याचे खरे कुंपण आहे. पण ज्या कुंपणाची किल्ली एकाच ग्राहकाच्या हाती असते त्याला किल्ला समजणे धोक्याचे असते. भारतीय लेखा मानक १०८ नुसार एकाच ग्राहकाकडून १० टक्के किंवा त्याहून अधिक महसूल येत असेल तर कंपनीने ते सांगणे बंधनकारक आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही. ही टीप वार्षिक अहवालाच्या शेवटाकडे, बारीक अक्षरांत असते आणि बहुतेक वाचक तिथवर पोचतच नाहीत.

मंडळाकडे करायची मुख्य तक्रार याहून साधी आहे. तिचे स्वरूप आकड्यांतून अधिक स्पष्ट होईल, म्हणून एक काल्पनिक कारखाना घ्यावा. त्याचा माल किलोला २०० रुपयांनी विकला जातो. त्यात कच्चा माल १२० रुपयांचा, वीज, मजुरी आणि इतर चालू खर्च ५६ रुपयांचा आणि शिल्लक, म्हणजे व्याज, घसारा व कर यांआधीचा नफा, २४ रुपयांचा आहे. विक्रीच्या प्रमाणात हा नफा १२ टक्के होतो. कच्च्या तेलाच्या भावाबरोबर पॉलिमर १० टक्क्यांनी महागले आणि कारखान्याने वाढलेले १२ रुपये पूर्णपणे गिऱ्हाइकाकडून वसूल केले, तर विक्रीचा भाव २१२ रुपये होतो, किलोमागची शिल्लक २४ रुपयेच राहते, परंतु टक्केवारी ११.३ वर उतरते आणि 'नफ्याचे प्रमाण घसरले' अशी बातमी होते. उलट पॉलिमर तितकेच स्वस्त झाले आणि भाव १८८ वर आणावा लागला, तर विक्री ६ टक्क्यांनी घटलेली दिसते, टक्केवारी १२.८ वर चढते आणि शिल्लक पुन्हा २४ रुपयेच असते. तिन्ही प्रसंगांत कारखान्याची कमाई तीच असून कागदावर तीन निरनिराळ्या कंपन्या दिसतात.

याहून फसवा प्रसंग असा, की भाव ६ टक्क्यांनी वाढला आणि मालाची विक्री ५ टक्क्यांनी कमी झाली. तेव्हा रुपयांतील उलाढाल आधीपेक्षा ०.७ टक्क्यांनी जास्त भरते. माग थांबलेले आहेत, पाळी कमी झालेली आहे आणि अहवालात मात्र 'आव्हानात्मक परिस्थितीत वाढ कायम' असे वाक्य छापले जाते. वाक्य खोटे नसते, हीच अडचण आहे.

गोदामातील साठ्याचाही विचार करावा लागतो. हाच कारखाना महिन्याला १०० टन माल विकत असेल आणि दोन महिन्यांचे पॉलिमर, म्हणजे २०० टन, त्याच्याकडे जुन्या भावाचे पडलेले असेल, तर भाव १२ रुपयांनी चढून विक्रीचा दरही त्याबरोबर वाढताच त्याला २४ लाख रुपयांचा एकवेळचा लाभ होतो. त्याची दरमहाची नेहमीची शिल्लकही २४ लाखच आहे. म्हणजे एका तिमाहीत ७२ लाखांऐवजी ९६ लाख दिसतात आणि त्या तिमाहीला चाराने गुणून वर्षाची कमाई काढणारा, मग त्यावर किंमत-उत्पन्न गुणोत्तर लावणारा गुंतवणूकदार शेअरला एक तृतीयांश जास्त मोल देऊन बसतो. किंमत-उत्पन्न गुणोत्तर म्हणजे शेअरचा बाजारभाव भागिले प्रतिशेअर नफा. हे गणित शाळकरी असले तरी भागाकारातील खालचा आकडा एखाद्या जहाजातून आलेल्या स्वस्त पॉलिमरने फुगलेला आहे की मागांच्या कष्टाने, हे ते सांगत नाही.

या सर्व गोंधळावर एकच उतारा आहे आणि तो म्हणजे परिमाण. किती टन किंवा किती लाख चौरस मीटर माल बनवला, किती विकला, किती कच्चा माल वापरला आणि स्थापित क्षमता किती होती, हे चार आकडे मिळाले की किलोमागची शिल्लक काढता येते आणि मग भावाचा चढउतार, साठ्याचा लाभ व खरी वाढ वेगवेगळी करता येते. हे आकडे भारतीय भागधारकाला पूर्वी मिळत असत. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या सहाव्या अनुसूचीत, वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह, परवानाप्राप्त क्षमता, स्थापित क्षमता, प्रत्यक्ष उत्पादन, कच्च्या मालाचा वापर आणि विक्री यांची परिमाणे देण्याची तरतूद होती, आणि जुन्या गिरण्यांच्या अहवालांत सुताचे टन व कापडाचे मीटर रुपयांच्या शेजारी छापलेले आढळतात. १ एप्रिल २०११ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झालेल्या सुधारित अनुसूचीने ही अट काढून टाकली आणि २०१३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही ती परत आली नाही. मंडळाने ठरवलेल्या तिमाही निकालांच्या नमुन्यातही टनांचा रकाना नाही. काही कंपन्या स्वतःहून हे आकडे देतात. ज्यांचे उत्पादन वाढत असते त्या सहसा अधिक उत्साहाने देतात.

माहिती गोळा करण्याचा खर्च वाढेल, ही सबब इथे टिकणारी नाही. २०१४ च्या खर्च नोंदी व लेखापरीक्षण नियमांखाली वस्त्रोद्योगातील ठरावीक उलाढालीवरील कंपन्यांना उत्पादननिहाय परिमाणांच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत त्यांचे लेखापरीक्षण होऊन अहवाल केंद्र सरकारकडे दाखल होतो. तो भागधारकाला दाखवला जात नाही. आणखी गंमत अशी, की मंडळाने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीच्या केलेल्या व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवालाच्या नमुन्यात उत्पादनाच्या परिमाणाशी ऊर्जेचे प्रमाण मांडण्यासाठी रकाना आहे. म्हणजे एकूण ऊर्जा आणि प्रतिटन ऊर्जा हे दोन्ही आकडे ज्या कंपनीने दिले आहेत, तिचे उत्पादन चिकाटीचा वाचक भागाकार करून काढू शकतो. पर्यावरणासाठी दिलेली माहिती गुंतवणुकीसाठी मागच्या दाराने वापरावी लागावी, ही व्यवस्था काही फार ऐटीची म्हणता येणार नाही.

'वस्त्रोद्योग' या एका शब्दाखाली किती निरनिराळे धंदे नांदतात, हे मराठी वाचकाच्या परिचयाच्या नावांवरून दिसते. भोसरीत कारखाना असलेली सेंच्युरी एन्का १९६५ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या प्रमुख उत्पादनांत टायरच्या आत घालायचे नायलॉनचे कापड येते. त्याचा कच्चा माल कॅप्रोलॅक्टम आणि त्याचे भवितव्य टायरच्या रचनेत. तिरक्या पदरांच्या जुन्या पद्धतीच्या टायरला नायलॉन भरपूर लागते, तर ट्रकच्या रेडियल टायरचा सांगाडा पोलादी तारांचा आणि मोटारीच्या रेडियलचा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. त्यामुळे महामार्गावर ट्रक वाढले म्हणजे हे कापड वाढलेच, असे समीकरण मांडता येत नाही. १९७० मध्ये श्रीराम फायबर्स म्हणून सुरू झालेल्या एसआरएफचा आरंभ याच टायर-कापडाचा, पण आज तिचे मोल ठरवताना रसायने आणि वेष्टनाच्या फिल्म यांचाच विचार आधी करावा लागतो. ती तांत्रिक वस्त्रांचा विभाग वेगळा दाखवते म्हणून ते समजते तरी.

पुण्याची, वाईला मोठा कारखाना असलेली गरवारे टेक्निकल फायबर्स ही १९७६ ची कंपनी २०१८ पर्यंत गरवारे-वॉल रोप्स या नावाने ओळखली जात होती. दोर आणि मासेमारीची जाळी यांपासून निघून ती थंड समुद्रांतील सॅमन मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांपर्यंत, खेळांच्या जाळ्यांपर्यंत आणि भूवस्त्रांपर्यंत आली. कृष्णाकाठच्या गावात वळलेल्या जाळीचा खप नॉर्वे, चिली यांसारख्या देशांतल्या माशांच्या प्रकृतीवर आणि तिथल्या सरकारच्या परवान्यांवर अवलंबून असतो, ही गोष्ट ऐकायला मौजेची असली तरी शेअर घेणाऱ्याला ती गंभीरपणे घ्यावी लागते. या कंपनीने आपला व्यवसाय सिंथेटिक दोर-जाळी आणि तंतू, औद्योगिक उत्पादने व प्रकल्प अशा दोन विभागांत मांडला आहे. दुसऱ्या विभागात माल विकणे आणि जागेवर काम करून देणे ही दोन्ही येतात, ज्यांचा नफा आणि वसुली यांची चाल सारखी असण्याचे कारण नाही. याच कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये एका शेअरमागे चार बक्षीस शेअर दिले. त्यानंतर बाजारभाव आणि प्रतिशेअर नफा दोन्ही सुमारे एक पंचमांश झाले, त्यामुळे आधीच्या वर्षांचे आकडे पाचाने भागल्याशिवाय तुलना करणे निरर्थक ठरते. या तिन्ही कंपन्यांचा उल्लेख धंद्याचा निराळेपणा दाखवण्यापुरता आहे. त्यांचे शेअर घ्यावेत किंवा विकावेत असा कोणताही सल्ला त्यात नाही.

येणी आणि भांडवल यांबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण इथे मंडळाने व सरकारने बरेच करून ठेवले आहे. एप्रिल २०२१ पासून ताळेबंदात येण्यांची वयवारी, म्हणजे सहा महिन्यांखालील, एक वर्षापर्यंतची, दोन, तीन आणि त्याहून जुनी अशी विभागणी द्यावी लागते. भूवस्त्राचा पुरवठा पुष्कळदा ठेकेदारामार्फत होतो आणि ठेकेदाराचे बिल अडले की पुरवठादाराचेही अडते, त्यामुळे ही वयवारी नफा-तोटा पत्रकाच्या आधी वाचण्यासारखी आहे. उलट बाजूला, सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, न दिल्यास त्या वर्षी करवजावट न देणारे आयकराचे कलम ४३ब(ह) २०२३-२४ च्या हिशेबांपासून लागू झाले असल्याने छोट्या यंत्रमागधारकाच्या पैशावर मोठ्या कंपनीने धंदा करण्याची सोय आटली आहे. नव्या उद्यानांतील कारखान्यांच्या बाबतीत सरकारी प्रोत्साहनाची रक्कम नफ्यात किती, हे वेगळे काढून पाहावे. पीएम मित्र योजनेत उलाढालीच्या ३ टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे आणि ज्या धंद्यात शंभरामागे बारा उरतात तिथे तीन हा लहान आकडा नाही.

परिमाणांचा आग्रह धरण्यामागे या प्रांताचा एक जुना अनुभवही आहे. मानकनगरची संस्था आकाराला आली त्याच १९५७ सालच्या जूनमध्ये, जेमतेम नऊ-दहा महिन्यांच्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या सट्टेबाजाशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर आपल्या गुंतवणूक समितीला न विचारता घेतले. त्या सहांत कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती. लाल इमलीची लोकर गिरणी तिचीच, आणि त्या गिरणीच्या घोंगड्या लष्कराला जात. हा व्यवहार लोकसभेत उघड करणारे फिरोज गांधी रायबरेलीचे खासदार होते आणि त्याआधी त्यांनी लखनौहून निघणाऱ्या नॅशनल हेराल्डचे व्यवस्थापन पाहिले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांनी मुंबईत जाहीर सुनावण्या घेऊन अहवाल दिला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. पुढे १९८१ च्या कायद्याने ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनचे शेअर केंद्र सरकारकडे गेले. मुंदडा प्रकरणाची आठवण आजही निघते ती मंत्र्याची, सचिवांची आणि सट्टेबाजाची. कानपूरच्या त्या मागांवर वर्षाला किती कापड निघत होते आणि त्या कापडाला लष्कराखेरीज किती गिऱ्हाईक होते, हा प्रश्न त्या आठवणीत कुठेच नसतो. विमाधारकांचा त्या कंपनीतला पैसा मात्र अखेर त्या मागांच्याच भरवशावर ठेवला गेला होता.

कंपन्यांकडून एक आक्षेप हमखास येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. टन आणि किलोमागची शिल्लक जाहीर केली तर रेल्वेसारखा बलाढ्य ग्राहक भाव पाडून मागेल आणि स्पर्धकाला दुखरी जागा कळेल, असे ते म्हणतील. एकाच वस्तूच्या कारखान्याला हा त्रास होऊ शकतो. परंतु मागणी वस्तूनिहाय भावाची नसून वर्गनिहाय परिमाणाची आहे, आणि निविदेत भाग घेणाऱ्या स्पर्धकांना एकमेकांच्या यंत्रांची संख्या व क्षमता यांचा अंदाज सामान्यतः असतोच. अंधारात राहतो तो लखनौतला, साताऱ्यातला, इचलकरंजीतला दोनपाचशे शेअर बाळगणारा भागधारक.

तेव्हा मंडळाकडे मागणी इतकीच आहे, की ज्या नोंदणीकृत कंपन्यांच्या उलाढालीचा मोठा हिस्सा तांत्रिक वस्त्रांतून येतो त्यांच्या वार्षिक अहवालात स्थापित क्षमता, उत्पादन, विक्री आणि मुख्य कच्च्या मालाचा वापर टनांत किंवा चौरस मीटरमध्ये द्यावा. विक्रीचा किती भाग मान्यता-नियंत्रित वस्तूंचा आहे आणि त्या मान्यता कोणत्या वर्गातल्या आहेत व केव्हा संपतात, हे सांगावे. आणि कामाची मागणी मिळाल्याची घोषणा करणाऱ्या कंपनीने वर्षअखेरीस त्या मागणीपैकी किती माल प्रत्यक्ष पोचवला, हेही त्याच ठिकाणी नोंदवावे. लहान व मध्यम उद्योगांच्या मंचावर निकाल सहा महिन्यांनी येतात आणि पॉलिमरचा भाव तेवढ्या अवधीत दोनदा उलटू शकतो, त्यामुळे तिथे परिमाणांची गरज मुख्य बाजारापेक्षाही अधिक आहे. अटारीच्या उद्यानातील पहिल्या कंपनीचे माहितीपत्रक छाननीसाठी येईल तेव्हा त्यात हा टनांचा रकाना असावा, यासाठी नमुन्यातील बदल त्याआधी होणे आवश्यक आहे.

कळावे,

लखनौतील एक मराठी भागधारक